गाठोडे माझ्याकडे आहे

कोथरूड, पुणे
रविवार

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, शिवणाचे गाठोडे सापडत नाही म्हणून तू बाबांना दोनदा माळ्यावर चढवलेस, असे दादाकडून कळले. बाबा, तुम्ही आता शिडीवर चढू नका. गाठोडे माझ्याकडे आहे. मागच्या खेपेस तू डोळ्यात थेंब घालून पडली होतीस, तेव्हा मी ते बाबांच्या जुन्या धोतरात बांधून वाईहून एसटीने घेऊन आले. विचारले असते, तर 'राहू दे, मी करीन सावकाश' असे म्हणाली असतीस, म्हणून विचारले नाही. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन चष्म्याचा नंबर ठरेपर्यंत शिवणाला बसायचे नाही, असे डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितले आहे; पण गाठोडे समोर असताना तू नुसती बसून राहशील, यावर माझा विश्वास नाही. शिवाय माझे मशीन वर्षभर झाकूनच होते, आणि संध्याकाळी हाताला काही काम असले म्हणजे मलाही बरे वाटते. रागावू नकोस.

एकंदर 17 कामे निघाली. त्यांतली नऊ झाली. अभ्र्यांना काजे केली, बाबांच्या दोन सदऱ्यांच्या विरलेल्या कॉलरी उसवून उलटवून लावल्या, पायजम्यांचे नेफे पुन्हा घातले. मऊ धोतराची बेतून ठेवलेली झबली शेजारच्या नव्या बाळंतिणीला शिवून दिली, कारण ज्याच्यासाठी ती बेतली होतीस तो आता शाळेत जातो. दादाच्या मुलीसाठी आणलेल्या गुळेदगुडच्या खणाचे परकर-पोलके मात्र अडले आहे. तू कमरेचे माप 22 लिहून ठेवले आहेस आणि ती आता माझ्या खांद्याला लागते. खणाचा पन्हा मुळातच लहान; त्यात जोड देत बसण्यापेक्षा त्याची पोलकी करून टाकते.

एक गोष्ट लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. गाठोड्यातली कामे मी सर्वांत जुन्यापासून मांडली. आजीच्या लुगड्यांच्या गोधडीवर कडेकडेने आत येणारा तुझा धावदोरा आहे. सुरुवातीचे टाके खसखशीएवढे आहेत, तिसऱ्या फेऱ्यापासून ते तांदळाएवढे होत जातात, आणि पुढे नुसतीच टाचणी टोचून ठेवलेली आहे. कपड्यांना लावलेल्या मापांच्या चिठ्ठ्यांवरचे अक्षरही असेच वर्षागणिक मोठे होत गेले आहे. आम्ही सगळे म्हणत होतो, आईला आताशा शिवणाचा कंटाळा येतो.

तुझ्या निळ्या इरकलीचा फॉल तू काळ्या दोऱ्याने लावायला घेतला होतास, ते दिवाळीत पाहून मी सर्वांसमोर हसले होते. तूही हसलीस आणि घडी घालून ठेवून दिलीस. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा रंग अडवते, त्यामुळे गडद निळे आणि काळे एकसारखेच दिसू लागते, हे मला डॉक्टरांकडून आत्ता कळले. पट्टी काढल्यावर 'आभाळ एवढे निळे होते का गं?' असे तू विचारलेस, तेव्हा मला ती इरकल आठवली.

लहानपणी खेळ ऐन रंगात आला की तू ओसरीवरून हाक मारायचीस, 'सुईत दोरा ओवून दे गं', आणि मी पाय आपटत यायचे. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले करण्याची सवय मला तुझीच लागली आहे. गेली दोन वर्षे मी आले की तू पाच-सहा सुया एकदम ओवून मागायचीस. मी त्या फोनवर बोलता बोलता ओवून दिल्या आणि कधी विचारले नाही. यात तुला दोष द्यावा किंवा तुझी कीव करावी असे काही नाही, आई. विचारायचे होते ते आम्ही, इतकेच.

आता ऐकायचे. थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि दोन औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाबा, हे तुम्ही घड्याळ लावून पाहावे. तिला बादली उचलू देऊ नये, डोळा चोळू देऊ नये, आणि डॉक्टर सांगतील तोवर तिने डोक्यावरून पाणी घेऊ नये. भाकऱ्या थापण्यासाठी मावशी येतात, तर त्यांना थापू द्याव्यात. पातळ होत नाहीत ही तक्रार महिनाभर पोटात ठेवावी. तुझे पायाचे मशीन कोणी विकणार नाही. त्याला तेल घालून ठेवले आहे, पट्टा मात्र मुद्दाम उतरवून ठेवला आहे. तो शोधू नये.

इरकलीवरचा काळा दोरा मी उसवला आहे. निळ्याची दोन रिळे आणली, पण माझेच ठरेना. शनिवारी दादाबरोबर दोन्ही रिळे आणि फॉलचा तुकडा पाठवते. सकाळी अंगणातल्या उजेडात, शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने बघ आणि कोणते घ्यायचे ते फोनवर सांग. तोवर मी पदराच्या बाजूने कच्ची टीप घालून ठेवते.

तुमची,
धाकटी