यंदा कूलर जरा महागाचा घ्या

प्रिय आई-बाबा,

फोनवर कूलरचा विषय काढला की बाबा "पाहू न, अजून वेळ आहे" म्हणतात आणि आई लगेच विचारते जेवली का, म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवते, दोघांनी सावकाश वाचा. होळी झाली की आपल्या नागपुरात, मानेवाड्यात घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि मग इतवारीत भाव पण वाढतात न मेकॅनिक पण मिळत नाही, त्याच्या आत ठरवून टाकू.

बाबा, तुमचं जे पटतं ते आधी सांगते. इतवारीतला पत्र्याचा कूलर पाच-सहा हजारात येतो, मोटर जळली तर चौकातला माणूस तासाभरात बदलून देतो, पंप दोन-अडीचशेत मिळतो, आणि शोरूममधल्या कूलरचा नुसता नॉब तुटला तरी कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावं लागते, तेही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत. हे सगळं खरं आहे आणि जी वस्तू आपल्या गल्लीत दुरुस्त होते तिला मी हलकी म्हणणारच नाही. पण आता तुम्ही दोघंच घरात असता, आणि मला या कूलरमध्ये सगळ्यात जास्त भीती त्याच्या टाकीची वाटते.

मी मागच्या उन्हाळ्यात आले होते तेव्हा नीट पाहिलं होतं. आपल्या जुन्या पत्र्याच्या कूलरमध्ये टाकीच्या मागच्या कोपऱ्यात गंज चढून पत्र्याचे पापुद्रे निघत होते, त्यावर डांबर लावलेलं होतं, पंपाची वायर त्याच कडेवरून घासत खाली पाण्यात गेली होती आणि वरचं प्लास्टिक एका ठिकाणी तडकलेलं होतं. ती वायर उघडी पडली की अख्ख्या पत्र्यात करंट. खाली फरशी ओली, आई अनवाणी, आणि पाणी किती उरलं ते पाहायला ती चालू कूलरचंच दार उघडते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, पेपरमध्ये आपण वाचतो, महावितरणवाले दरवर्षी सांगतात की पिन काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नका, अर्थिंग तपासून घ्या. बाबा म्हणतील एमसीबी आहे न. एमसीबी वायर वाचवायला असते, सहा किंवा सोळा अँपिअरच्या वर गेलं की पडते, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी, मिलिअँपिअरमधला करंट पुरतो, तेवढ्यात एमसीबी हलत पण नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच, आपले इलेक्ट्रिशियन त्यालाच ईएलसीबी म्हणतात. दीड-दोन हजाराचं काम आहे. कूलर कोणताही घ्या, हे आधी बसवा. मी दिवसभर मोटरी टेस्ट करायचंच काम करते, तेव्हा एवढं माझं ऐका.

म्हणून पहिली गोष्ट, बॉडी फायबरची किंवा चांगल्या जाड प्लास्टिकची घ्या. गंजत नाही आणि हात लागला तर पत्र्याएवढी भीती नाही. तरी पाण्यात करंट उतरू शकतोच, त्यामुळे आई, प्लास्टिकचा आहे म्हणून चालू कूलरमध्ये हात घालायचा नाही, आधी पिन काढायची.

दुसरी गोष्ट मोटर. तांब्याच्या वाइंडिंगचीच घ्या. स्वस्तातल्यात बरेचदा अ‍ॅल्युमिनियमची तार असते, तिच्यातून वीज तांब्याच्या जवळपास 60 टक्केच नीट वाहते, मग तेवढंच काम करायला मोटर जास्त तापते, त्यात मे महिन्यात दुपारी बारापासून पहाटेपर्यंत सलग चालायचं आणि सतत ओल्या हवेत राहायचं. तांब्याची जळलीच तरी आपल्याकडे रिवाइंड करून मिळते. दुकानदार "कॉपरच आहे" असं तोंडी सांगेल, तर बिलावर लिहून मागायचं. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

ताट्यांबद्दल, म्हणजे कूलरच्या बाजूंना पाण्याने भिजणाऱ्या ज्या जाळ्यांतून हवा आत येते त्यांच्याबद्दल, मात्र जरा विस्ताराने लिहिते कारण बाबांना हिशोब आवडतो. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ होताना, आणि हवा किती गार होऊ शकते त्याला एक हद्द असते. बाहेर 45 डिग्री आणि हवा आपल्या मे महिन्यासारखी खरखरीत कोरडी असली, म्हणजे दमटपणा 15 टक्क्यांच्या आसपास, तर ती हद्द 24 च्या जवळपास येते. चांगली जाड हनीकोंबची, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारख्या भोकांची, ताटी असली तर कूलरमधून 28-29 डिग्रीची हवा मिळते. तेच वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक तुसांची, ताटी बसून गेली, वरच्या बाजूला भोकं पडली, की गरम हवा तिथूनच आत घुसते आणि मिळते 32-33 ची. तीन-चार डिग्रीचा फरक म्हणजे आईला रात्री झोप लागणं न लागणं. वुडवूल नवीन असताना छान गार करते, वास पण किती छान येतो, पण तिला दर सीझनला बदलावं लागतं आणि आपण सीझनच्या अर्ध्यातच ती बसलेली पाहतो. हनीकोंब नीट ठेवली तर दोन-तीन सीझन सहज जाते. फक्त बोअरचं पाणी वापरून राहिले तर तिच्यावर पांढरा क्षार चढतो, म्हणून शक्यतो नळाचं पाणी वापरा, आणि टाकीतलं जुनं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सोडून द्या. तसंही पावसाळ्यात महानगरपालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या शोधायला कूलर उघडून पाहतातच. त्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरड्यात पण टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागते, आणि गंजलेला पत्रा घासण्यापेक्षा गुळगुळीत टाकी घासणं तुम्हाला सोपं जाईल.

टाकी मोठी पाहा, 80-90 लिटरच्या पुढची. भर दुपारी मोठा कूलर फुल स्पीडवर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी पिऊन जातो, छोट्या टाकीत बाबा दर दोन-तीन तासांनी बादली उचलतील आणि त्यांची कंबर मला माहीत आहे. फ्लोट लावून नळीच जोडून घेतली तर बादली बंदच.

आता कशाला पैसे द्यायचे नाहीत ते पण सांगते. बर्फाचा कप्पा असतो तो नुसता दिखावा आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं, म्हणजे फ्रीजमधला सगळा बर्फ ओतला तरी कूलर तेवढं काम काही मिनिटांत करून मोकळा होतो. मोबाइलवर चालणारा, बोलून चालणारा, तो पण नको. रिमोट मात्र चालेल, रात्री उठावं लागत नाही. आणि "वीज वाचते" म्हणून कोणी दोन-चार हजार जास्त सांगत असेल तर त्याला भुलू नका, साधा मोठा कूलर 200 वॉटच्या आसपास घेतो, पंधरा तास चालला तरी दिवसाचे तीन युनिट, त्यात वाचून वाचून किती वाचणार.

एसीचं मी मुद्दाम बोलत नाही. बाबांचे गुडघे एसीत दुखतात आणि दार-खिडक्या बंद करून बसणं दोघांनाही सहन होत नाही, कूलरला उलट खिडकी उघडीच लागते. मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली की कूलर काम करणार नाही, तेव्हा पंख्यावरच भागवावं लागेल. पण 23 मे 2013 ला आपल्याकडे 47.9 डिग्री झालं होतं, तसे दिवस पुन्हा येणार नाहीत असं कोण सांगेल, आणि वय झालं की घाम कमी येतो न तहान पण कळत नाही, त्यात बाबांच्या बीपीच्या गोळ्या. माझा जीव इथे पुण्यात टांगलेला असतो.

मला ब्रँडचं काही नाही. इतवारीत किंवा सीताबर्डीला फायबर बॉडी, कॉपर मोटर, चार इंची हनीकोंब असं सांगून कूलर बनवून मिळतो, तो दहा-बारा हजारात बसेल आणि दुरुस्ती पण चौकातच होईल. बाबांना पाहिजे ते पण झालं आणि मला पाहिजे ते पण. वरचे पाच-सहा हजार माझ्याकडून, यावर वाद घालायचा नाही. तुम्ही माझ्या शिक्षणाला पैसे दिले तेव्हा मी कुठे वाद घातला होता.

तर या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावून कूलरच्या पॉइंटला अर्थिंग आहे का ते पाहून घ्या आणि आरसीसीबी बसवून घ्या, थ्री पिनची वरची जाड, अर्थिंगची पिन कोणी कापलेली तर नाही न ते पण पाहा. एक्सटेन्शन बोर्डवर कूलर लावायचा नाही. मग दुकानात गेले की मोटरवरच्या पट्टीचा फोटो काढून मला पाठवा, मी पाहून लगेच सांगते घ्यायचा का नाही. आई, तोपर्यंत जुन्या कूलरला हात लावू नको, बाबांना पण लावू देऊ नको.

तुमची,
छकुली