सुमे, तिला सरळ विचार

सांगली, रविवार दुपार

प्रिय सुमे,

काल फोनवर तू इतकी रडत होतीस की मला काही बोलताच येईना. म्हणून लिहिते. वाच, आणि भाऊजींनाही वाचायला दे.

भर एप्रिलात लेक पूर्ण बाह्यांचा टॉप सोडत नाही, आणि कणीक मळताना बाही वर सरकली तेव्हा तुला ते व्रण दिसले. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, नाटकं आहेत. अगं, नाटक करणारी मुलगी उकाड्यात बाह्या ओढून बसेल का?

माझंच सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाच्या मनगटावर असंच काही दिसलं. "सायकलवरून पडलो, बाई," म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि फळ्याकडे वळले. खरं सांगू? मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. दोन महिन्यांनी तो दवाखान्यात होता. वाचला. आता नोकरी करतो, दिवाळीला मेसेज येतो. पण ते "बरं" अजून सलतं.

त्यानंतर मी यावर मिळेल ते वाचलं. जगभरात साधारण सहा किशोरवयीन मुलांमागे एकाने कधी ना कधी स्वतःला इजा केलेली असते. बहुतेकांना मरायचं नसतं. आतली घालमेल घटकाभर उतरावी, एवढंच. म्हणून लगेच टोकाचं मनात आणू नकोस. पण सोडूनही देऊ नकोस, कारण पुढे जिवावर उठण्याचा धोका याच मुलांत बराच जास्त दिसतो. थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडलं, की वेदनेची आणि मरणाची उपजत भीती आपल्याला राखत असते, आणि वारंवार इजा करून ती बोथट होते. त्यात "माझं कुणी नाही" आणि "मी सगळ्यांवर ओझं आहे" हे दोन्ही मनात बसलं, की धोका. राग मानू नकोस, पण "क्लासची एवढी फी भरलीय" हे वाक्य तुझ्या घरात दिवसातून किती वेळा होतं?

तिला सरळ विचार: "मरावंसं वाटतं का गं?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. शपथा घालू नकोस, रोज हात तपासू नकोस. "हो" म्हणाली तर त्या रात्री तिला एकटं सोडायचं नाही, सासूबाईंच्या गोळ्यांसकट सगळी औषधं कुलपात, आणि लगेच डॉक्टर. "नाही" म्हणाली तरी या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, मराठीत बोलतात. आणि यावर उपचार आहेत गं. डीबीटी नावाची, अनावर भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत ज्यांनी घडवली, त्या मार्शा लिनेहन स्वतः तरुणपणी यातूनच गेल्या होत्या. 2011 मध्ये त्यांनी ते उघड सांगितलं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने येते. तिला सांग, मावशी भडंग घेऊन येतेय. हाताचं मी काही काढणार नाही. ते तोवर तू विचारलेलं असशील.

तुझी,
शोभा