टेंचसाठी संध्याकाळची तयारी

गिल्डफर्ड, जून

प्रिय सुन्या,

शनिवारी तळ्यावर बसायचं ठरलंच आहे, तर काय काय लागेल ते आधीच लिहून टाकतो. सगळ्यात आधी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं (इथली सरकारी संस्था) रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासेमारीचा परवाना, ऑनलाइन काढ. तळ्याच्या मालकाचं दिवसाचं तिकीट वेगळं. एक काढलं म्हणून दुसरं माफ होत नाही. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, बहुतेक तळ्यांना ती लागू नाही. आणि कालवणाचा विचार डोक्यातून काढ, अशा तळ्यांवर मासा पकडून परत पाण्यातच सोडायचा असतो.

आपल्याला हवा टेंच मासा. शेवाळी हिरवा, जाड अंगाचा, बारीक लाल डोळ्यांचा, तळाचा गाळ चाळत चरणारा. उन्हं उतरली की कमळाच्या पानांच्या कडेला येतो. सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो, तेव्हा सहाला पोचलास तरी पुष्कळ वेळ आहे. म्हणूनच पहिला अर्धा तास आमिष लावायचं नाही, खोली मोजायची. गळाला प्लमेट (खोली मोजायचं छोटं वजन) अडकवून पाण्यात सोड. फ्लोट (तंगुसावरचा तरंगता खुणेचा तुकडा) बुडाला तर पाणी तू लावलेल्या मापापेक्षा खोल, आडवा पडला तर उथळ. पानांपासून मीटरभर अलीकडे, काठाचा उतार जिथे संपतो ती जागा शोध आणि माप रॉडवर खुणेने धरून ठेव.

चारा म्हणून अर्धा किलो ब्राउन क्रम्ब (पावाचा तपकिरी चुरा) पुरे. पाणी एकदम ओतू नकोस. थोडं शिंपड, दहा मिनिटं मुरू दे, मग पुन्हा थोडं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. त्यात मूठभर मका घालून संत्र्याएवढे तीनच गोळे टाक. नवशिके इथेच बिघडवतात: चारा जास्त झाला की बारीक बुडबुड्यांचे झुबके दिसत राहतात, मासे खात असतात, पण ढिगातलं नेमकं तुझं आमिष उचलायचं त्यांना कारण उरत नाही. पुढे दर पाच मिनिटांनी पाचसहा दाणे, बस.

आता जोडणी. तंगूस ५ पौंडी (तेवढा ताण सोसणारी), गळाला बांधायचा तिचा शेवटचा तुकडा ४ पौंडी, गळ १४ नंबरचा, बिनकाट्याचा. मोराच्या पिसाची काडी, हाच आपला फ्लोट, सिलिकॉनच्या नळीने फक्त खालच्या टोकाला बांध. गळापासून ५ सेंमीवर एकच एएए शॉट (तंगुसावर दाबून बसवायचं गोल वजन), तोही बिनशिशाचा. हंस शिसं गिळून मरायचे म्हणून १९८७ पासून या मापाची शिशाची वजनं विकायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. काडी अशी निवड, की शॉट अधांतरी लोंबकळला तर ती बुडालीच पाहिजे. खोली मोजल्यापेक्षा वीतभर जास्त लाव, टाकल्यावर रॉड स्टँडवर ठेव आणि काडीचं टोक जेमतेम वर राहील इतकी तंगूस हळूहळू ताण. टेंच आमिष उचलतो तेव्हा शॉटही उचलला जातो, भार सुटतो आणि काडी बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवी पडते. ती उठत असतानाच झटका दे. पूर्ण आडवी पडेपर्यंत थांबलास तर बऱ्याचदा उशीर होतो.

टाकल्या टाकल्या काडी बुडाली तर शॉट तळाला लागलेला नाही, खोली वाढव. आडवीच राहिली तर तंगूस ढिली आहे. नुसती थरथरून थांबत असेल तर मासा अंगाने तंगुसाला घासतोय. झटका मारू नकोस, खवल्यात गळ रुततो.

लागलेला टेंच थेट पानांत घुसतो. तेव्हा रॉड वर नको, पाण्यालगत आडवा धरून बाजूला ओढ, आणि रीळचा क्लच (ताण आला की तंगूस सुटू देणारा भाग) आधीच सैल करून ठेव. मासा धरताना हात ओले कर. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ काढायचा तो ओल्या मॅटवर.

तुझा,
अव्या

ता.क. मका घरीच टिनमधून काढून प्लास्टिकच्या डबीत भर. बऱ्याच तळ्यांच्या काठावर टिन न्यायला मनाई असते.