आज्जीच्या घोट्यावरचा वण

लिव्हरपूल, रविवार

तीर्थरूप आबांस,
सा. न. वि. वि.

नोकरी कायम झाली. आता मी इथं लेक्चरर. इतकी वर्षं प्रकल्पाला पैसे असतील तोवरच पगार, मग पुन्हा अर्ज, असं चाललं होतं. तुम्ही घोर लावून घ्याल म्हणून कळवलं नव्हतं. आईला सांगा, आता झोप नीट लागते.

पुढचं आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवा.

आज्जी, परवा वर्गात नारू, तो पायातनं निघणारा लांब जंत, शिकवला. पडद्यावर फोटो होता, पण माझ्या डोळ्यापुढं तुझ्या घोट्यावरचा वण. लहानपणी तुझे पाय चेपताना त्यावरनं बोट फिरवायचे मी. ऐन शाळूच्या काढणीत नारू निघाला, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, मधेच तुटला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला, असं तू सांगायचीस. शाळू रानात उभा आणि तू जागेवर. मुलांना तेच सांगितलं. या रोगानं माणूस सहसा मरत नाही, घरची सुगी बुडते. म्हणून बड्या लोकांचं तिकडं लक्ष जात नाही.

नारूवर आजही ना लस, ना तो मारणारं औषध. दुखरा पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडाला की मादी पाण्यात पिल्लं सोडते, ती पिल्लं बारीक पाणकिड्यांच्या पोटात जातात, ते पाणी माणसाच्या पोटात गेलं की वर्षभरानं नारू बाहेर. आपल्याकडं तो गेला फडक्यानं पाणी गाळून, पायऱ्या बुजवून, विहिरीत औषध टाकून. देशातला शेवटचा रोगी राजस्थानात, 1996 साली. 1986 साली जगात 35 लाखांच्या आसपास रोगी होते, 2023 साली 14.

ते 14 मात्र चिवट. आफ्रिकेतल्या चाडमध्ये आता कुत्र्यांना नारू होतो. गावकरी कुत्री बांधून ठेवतात, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरतात. रोज, वर्षानुवर्षं. ते कशानं टिकतं, हाच माझा अभ्यास.

तू हंड्यावर फडकं दुहेरी करून बांधायचीस. ते पहिल्यांदा कुणी सांगितलं? तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या? घाईच्या दिवशी काय करायचीस? माझ्या पुस्तकांत विहिरी आहेत, औषधं आहेत, हंडा धरणारी बाई सापडत नाही.

आबा, तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. मधे बोलू नका, तिला आठवू द्या. चाडला जाण्याआधी मला ऐकायचंय.

तुमची,
ताई