निळा आंबा

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर हे नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

परवा चिनूला घेऊन बालगंधर्वच्या कलादालनात गेले होते. आत सगळी अमूर्त चित्रं. त्यातलं एक भलंमोठं निळं, खाली कोपऱ्यात जेमतेम तळहाताएवढा पिवळा. चिनूने त्याच्यासमोर फरशीवर फतकल मारली. मी सवयीने विचारलं, "काय आहे गं ते?" तर शाळेत उत्तर येत नसलं की बघते, तशी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मला कसंतरीच झालं. मग मीही शेजारी बसले, गप्प. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाली, "पिवळा एकटा पडलाय. निळा त्याला जागाच देत नाहीये." उठून जवळ गेली, हात मागे बांधून, आणि ओरडलीच, "आई, निळ्याच्या खाली लाल लपलाय!" खरंच होता. माझ्या नजरेतून सुटला होता.

रात्री तिला चित्रकार रझांच्या चित्रांतले बिंदू दाखवले. मंडला जिल्ह्यातल्या शाळेत असताना त्यांचं लक्ष एका जागी ठरेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही गोष्टही सांगितली. तिचा प्रश्न, "किती वेळ?" मग दुसरे चित्रकार, गायतोंडे. ते रोलरने रंग लावायचे म्हटल्यावर तिला आपल्याकडे आलेले रंगारीकाका आठवले. "मग आपली भिंतपण चित्र आहे?" मला काही सुचेना. सकाळी बघते तर बाईसाहेब बाल्कनीतल्या ओलीच्या डागासमोर उभ्या.

बाबा, तेव्हा तुमची फार आठवण आली. माळ्याखालच्या ओलीत तुम्ही मला उंट दाखवायचात. पाऊस वाढला की उंट लठ्ठ व्हायचा.

म्हणूनच एक सांगायचंय, रागावू नका. मागे व्हिडिओ कॉलवर तिने निळा आंबा दाखवला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आंबा कधी निळा असतो का?" मायेनेच म्हणालात, मला ठाऊक आहे. पण तेव्हापासून ती सगळे आंबे पिवळेच काढते आणि तुम्हाला दाखवायच्या आधी मला विचारते, "बरोबर आहे ना?" साडेपाच वर्षांच्या पोरीने चित्राला बरोबर का चूक विचारावं, हे माझ्या जिवाला लागतं. चुकते मीही, वर लिहिलंच आहे. दिवाळीत याल तेव्हा तिने कागद पुढे केला, तर ओळखायला जाऊ नका. नुसतं बघा, आणि विचारलंच तर "अजून काय काय आहे यात?" एवढंच विचारा. आई, तुझ्या रांगोळीच्या ठिपक्यांपाशी तिला बसव. ठिपके जोडायची घाई मात्र नको.

हॉलमध्ये खुर्चीसमोरच्या भिंतीवर तिने पेन्सिलीने एक ठिपका काढून ठेवलाय. "आजोबांना इथे बसवायचं," म्हणते. मी पुसलेला नाही.

तुमची,
सोनू