विकत घेतल्यावर पुढे काय केले?

महोदय,

तंत्रज्ञान कंपन्यांनी इतर कंपन्या ताब्यात घेऊन वाढावे की स्वतःच्या संशोधनाच्या बळावर, या वादात दोन्ही बाजू खरेदीच्या रकमेवरच अडून बसतात. माझ्या मते खरा प्रश्न विकत घेतल्यानंतर त्या कंपनीत काय घडले, हा आहे.

ॲपलने २००८ मध्ये पी. ए. सेमी ही चिपचे आरेखन करणारी छोटी कंपनी सुमारे २७.८ कोटी डॉलरला घेतली. ॲपलला त्या कंपनीची तयार चिप नको होती, ती घडवणारे अभियंते हवे होते. त्यानंतर २०१० मध्ये ॲपलची स्वतःची ‘ए४’ चिप आणि २०२० मध्ये तिच्या मॅक संगणकांत इंटेलच्या चिपची जागा घेणारी ‘एम१’ चिप आली. खरेदीचा व्यवहार काही आठवड्यांत उरकला असेल, पण तिचे चीज व्हायला बारा वर्षे खपावे लागले. गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड घेतले तेव्हाही त्यावर चालणारा एकही फोन बाजारात नव्हता. अशा खरेदीला मी संशोधनाचाच भाग मानतो.

इंस्टाग्रामची गोष्ट निराळी. अवघ्या तेरा कर्मचाऱ्यांची, पण झपाट्याने वाढणारी ही कंपनी फेसबुकने २०१२ मध्ये शंभर कोटी डॉलर मोजून घेण्याचे ठरवले. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणे बरे, असे मार्क झुकेरबर्ग यांनी २००८ मध्येच एका ईमेलमध्ये लिहिले होते. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये या व्यवहाराला हरकत घेतली नाही आणि २०२० मध्ये त्याच व्यवहारावरून खटला भरला. तोवर बाजार इतका पालटला होता की २०२५ मध्ये न्यायालयाने मक्तेदारीचा दावा फेटाळला. इंस्टाग्राम स्वतंत्र राहिले असते तर त्याने काय घडवले असते, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही, आणि मला याचीच सर्वाधिक खंत वाटते. याउलट ॲडोबी ही बडी सॉफ्टवेअर कंपनी फिग्मा ही डिझाइनचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेणार होती; हा दोन हजार कोटी डॉलरचा व्यवहार युरोप व ब्रिटनमधील नियामकांनी वेळीच तपासायला घेतला, तो डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला आणि फिग्मा स्वतंत्र राहिली.

नुसत्या पैशाने मागे पडलेली कंपनी पुढे येत नाही, हे मायक्रोसॉफ्टनेही अनुभवले. नोकियाचा फोन व्यवसाय २०१४ मध्ये घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी तिला ७६० कोटी डॉलरचे नुकसान हिशेबात दाखवावे लागले आणि सुमारे ७,८०० जणांच्या नोकऱ्या गेल्या.

म्हणून कोणत्याही देशाच्या नियामकाने व्यवहाराची छाननी केवळ रकमेवरून ठरवू नये. घेणारी कंपनी जर त्याच क्षेत्रातील सर्वात बलाढ्य असेल, तर लहानातल्या लहान खरेदीचीही पूर्वसूचना सक्तीची असावी आणि घेतलेले उत्पादन किती काळ चालू ठेवणार, याची लेखी हमी तिच्याकडून घेतली जावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला नम्र,
एक वाचक