सी८ वरच्या उंटासाठी, काका, तुमचे आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

काळ्या मोहऱ्यांनी काय खेळायचं, हे विचारायला मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही कुठल्याही ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचं, नाव घेतलं नाहीत. आधी माझे डाव मागितलेत. स्पर्धेतल्या स्कोअरशीटचा तो गठ्ठा तुम्ही दोन रविवार शांतपणे वाचलात आणि मग एकच गोष्ट विचारलीत: "यातल्या प्रत्येक डावात तुझा सी८ वरचा उंट कुठे आहे, सांग बघू?" पटावरची घरं ए ते एच या उभ्या आणि १ ते ८ या आडव्या ओळींवरून ओळखतात; सी८ हे काळ्याच्या वजिराशेजारच्या उंटाचं सुरुवातीचं घर. बऱ्याच डावांत तो जागेवरच होता. हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे. चारचौघांसमोर लिहितेय, कारण नोकरी सांभाळून बुद्धिबळ खेळणाऱ्या आणखी कुणाला तरी त्या प्रश्नाची गरज असेलच.

तेव्हा मी ई४ ला सी५ ने उत्तर देणारी सिसिलियन ओपनिंग खेळत होते. तुम्ही तिला नावं ठेवली नाहीत, उलट तुमच्या तरुणपणी तुम्हीही तीच खेळायचात असं सांगितलंत. पण बँकेतून सातला घरी येणाऱ्या बाईला रोज नवे व्हेरिएशन, म्हणजे चालींच्या नव्या शाखा, पाठ करायला वेळ कुठून मिळणार, हा विचार माझ्याऐवजी तुम्ही केलात. पांढरा एक चाल पुढे असतो. ती उणीव आधी भरून काढायची, राजा सुरक्षित ठेवायचा, प्याद्यांत भोकं पडू द्यायची नाहीत आणि प्रत्येक मोहऱ्याची जागा ठरलेली असावी, ही तुमची भक्कम ओपनिंगची व्याख्या. 'भक्कम' म्हणजे घाबरट, असं आपल्या बुद्धिबळ मंडळात काही जण म्हणतात. तुम्ही त्यांच्याशी कधी वाद घातला नाहीत, पट मांडून दाखवलंत.

पांढऱ्याच्या ई४ या पहिल्या चालीला उत्तर म्हणून तुम्ही कॅरो-कान ही ओपनिंग दिलीत. होराशिओ कॅरो आणि मार्कुस कान या दोघांनी 1886 मध्ये तिचं विश्लेषण मांडलं, म्हणून हे नाव. पहिली चाल सी६, दुसरी डी५. फ्रेंच ओपनिंगमध्येही डी५ येतंच, पण तिथे आधी ई६ खेळल्यामुळे सी८ चा उंट आपल्याच प्याद्यामागे अडकतो. कॅरो-कानमध्ये उंट आधी बाहेर काढायचा आणि मग ई६ खेळून मागून कडी लावायची. त्याची किंमतही तुम्ही लपवली नाहीत: घोड्याचं सी६ हे घर जातं, आणि पुढे सी५ करायचं तर त्याच प्याद्याला दुसरी चाल खर्च करावी लागते.

त्या रविवारी तुम्ही कॅरो-कानची क्लासिकल शाखा मांडलीत, ती मला अजून चालीचालीने आठवते. डी५ चं प्यादं ई४ वर मारतं, पांढरा घोड्याने परत मारतो, आपला उंट एफ५ वर. घोडा जी३ वर येऊन त्याला हुसकतो, उंट जी६ वर. मग पांढरा एच४ खेळतो. तिथे तुम्ही हात बाजूला घेतलात आणि मला बघायला लावलंत. पुढची चाल एच५ झाली तर उंट जाईल कुठे? म्हणून एच६, म्हणजे एच७ चं घर मोकळं. पुढे पांढरा घोडा एफ३ वर आला की आपण डी७ वर घोडा आणायचा, कारण नाहीतर तो ई५ वर उडी मारून त्याच उंटाच्या अंगावर येतो. पाठ करण्यासारखं त्यात काही उरलंच नाही. प्रत्येक चालीमागे कारण होतं आणि कारण लक्षात राहिलं की चाल आपोआप सुचते. यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

भक्कम म्हणून गाफील राहायचं नाही, हेही तुम्ही त्याच बैठकीत दाखवलंत. चौथ्या चालीला उंटाऐवजी घोडा डी७ वर आणला, पांढऱ्याने वजीर ई२ वर ठेवला आणि आपण सवयीने दुसरा घोडा एफ६ वर काढला, की पांढरा घोडा डी६ वर बसतो आणि सहाव्या चालीला मात! ई७ चं प्यादं वजिरासमोर बांधलं गेलेलं असतं; ते हललं तर आपल्या राजाला शह बसतो, म्हणून त्याला तो घोडा मारता येत नाही. आता मंडळात येणाऱ्या लहान मुलांना मी ही मात आवर्जून दाखवते.

पांढऱ्याने डी४ ने सुरुवात केली तर त्यासाठी तुम्ही स्लाव्ह ही ओपनिंग दिलीत. त्यामागचा विचार मला फार आवडला: इथेही सी६ आणि डी५, म्हणजे पांढऱ्याने काहीही खेळलं तरी प्याद्यांची बैठक ओळखीची. उंट इथेही बाहेर येतो, फक्त घाई करायची नाही. दोन्ही घोडे निघाल्यावर लगेच उंट एफ५ वर नेला तर पांढरा सी४ च्या प्याद्याने डी५ वर मारामारी करून वजीर बी३ वर आणतो आणि बी७ उघडं पडतं. म्हणून आधी सी४ चं प्यादं घ्यायचं, पांढऱ्याला ए४ खेळू द्यायचं, आणि मग एफ५.

ई४ ला ई५ खेळून पुढे येणाऱ्या बर्लिन बचावाची गोष्ट वेगळी. क्रॅमनिकने 2000 साली लंडनमध्ये तीच भिंत उभी केली, तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला अख्ख्या मॅचमध्ये एकही डाव जिंकता आला नाही, आणि जगज्जेतेपद क्रॅमनिककडे गेलं. हे वाचून मीही तीच धरायला निघाले होते. तुम्ही "आत्ता नको" म्हणालात. वजीर लवकर पटावरून जातात, आपला किल्लेकोट राहून जातो, सी ओळीत प्यादी एकावर एक येतात. ज्याचा एंडगेम, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरचा खेळ, पक्का त्याच्यासाठीच ती भक्कम. ओपनिंगचा भक्कमपणा खेळणाऱ्यावरही ठरतो, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आनंदचा तो डाव! सोफिया, 2010. जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये टोपालोव्हशी अकरा डाव होऊन बरोबरी, शेवटच्या डावात आनंदकडे काळी मोहरी. जगज्जेतेपद पणाला लागलेलं असताना त्याने क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगमधली लास्करची जुनी पद्धत निवडली. घोडा ई४ वर टाकून आधी उंटांची, मग घोड्यांची अदलाबदल, आणि पटावर श्वास घ्यायला जागा. सी८ चा उंट तेवढा आत राहिलेला. मी विचारलं, "काका, इथे तर तो अडकलाय!" तुम्ही म्हणालात, "थांब." तो बी७ वर आला, ए६ वर गेला, परत आला, शेवटी ए८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. 31 व्या चालीला आनंदने ई४ वर प्यादं ढकललं, टोपालोव्हने ते मारलं, आणि ए८ पासून जी२ वरच्या राजापर्यंतच्या कर्णावर मध्ये फक्त ते ई४ चं प्यादं उरलं. वजीर ते मारून ई४ वर शह देत उतरला आणि राजाला एच३ वर पळावं लागलं. तो डाव आनंदने 56 चालींत जिंकला. त्या दिवशी तुम्ही पटावरून नजर न उचलता नुसते हसलात. भक्कम खेळून जिंकताही येतं, हे मला तेव्हा पटलं.

आता मी पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी, लागल्यावर काळा रंग बघून खचत नाही. वरच्या रेटिंगच्या खेळाडूशी अर्धा गुण मिळाला तर तो कमावलेला वाटतो, आणि समोरचा उतावळा झाला तर पूर्णही मिळतो. घरी मुलगी विचारते, "आई, आज काळी होती ना? मग एवढी खूश कशी?"

तुम्ही यासाठी कधी फी घेतली नाहीत. रविवारची सकाळ दिलीत, तुमच्या हस्ताक्षरातली ती वही दिलीत, आणि मी उत्तर शोधत असताना गप्प राहिलात. काकूंनी आमच्यासाठी चहाचं आधण पुन्हापुन्हा चढवलं, त्यांचेही आभार.

एक काम बाकी आहे. कॅरो-कानमध्ये पांढरा तिसऱ्या चालीला प्यादं ई५ वर सरकवतो तेव्हा मी उंट एफ५ वर काढते, पण हल्ली समोरचे तयारी करून येतात. 1961 च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये तालविरुद्ध बोटविनिकने तिथे लगेच सी५ खेळलं होतं. तसं केलं तर आपल्या उंटाचं काय होतं, ते मला तुमच्यासोबत पटावर बघायचंय. या रविवारी साडेनऊला येते.

तुमची,
मंडळातली एक विद्यार्थिनी